ध्यानात तल्लीन

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता रोहिणी पगारे माझ्या बातमीचे कात्रण घेऊन आमच्या नाशिक कार्यालयात आल्या. त्या घोटीच्या शाळेत शिक्षिका आहेत. कुणाचे तरी नाव चुकले असेल, असे मला वाटले. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी त्याच दर्जाच्या असतात.

बातमी तुरुंगातल्या ध्यान शिबिराची होती. कैदी बावीस होते, हे मी दोनदा मोजले होते. मार्गदर्शकांच्या पदव्या क्रमाने दिल्या होत्या. बोललो मात्र एकाही कैद्याशी नव्हतो, शांतता भंग होऊ नये म्हणून. फोटोखालची ओळ माझीच : ‘ध्यानात तल्लीन झालेला कैदी.’

“हा माझा भाऊ, संघर्ष,” त्या म्हणाल्या. “आठ महिने झाले, कच्चा कैदी आहे. आत गेल्यापासून त्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या बंद आहेत. बरोबरचे कैदी सांगतात, दहा दिवस झाले, तो असाच बसून असतो.”

“पण डोळे मिटलेले होते...”

“सर, आम्ही लहानपणापासून विहारात ध्यानाला बसतो. ध्यान करणारा माणूस जेवायच्या वेळी उठतो.”

त्यांनी दुसरा कागद काढला. संघर्षला मनोरुग्णालयात हलवा, या त्यांच्या अर्जावर तुरुंगाने कोर्टात दिलेले उत्तर. त्याची मनःस्थिती उत्तम असल्याचा पुरावा म्हणून माझी बातमी जोडली होती. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या लेखनावर सरकारने पूर्ण विश्वास ठेवला, तो एवढाच.

खुलासा छापायला हवा, असे मी वृत्तसंपादक महेश खैरनार यांना सांगितले.

“तो ध्यानात नव्हता, असा खुलासा?” ते म्हणाले. “मग कशात होता, तेही लिहावं लागेल. कोण सांगतंय?”

“बहीण.”

“मग ‘असे समजते’ घाल.”

मी घातले. खुलासा बुधवारी पाचव्या पानावर आला.

शुक्रवारी कोर्टात सरकारी वकिलांनी दोन्ही कात्रणे शेजारी धरली. “पहिल्या बातमीत वार्ताहराने स्वतः पाहिलं आहे. दुसरीत त्याला नुसतं समजतं.” मुद्दा बिनतोड होता. मागच्या बाकावर मी तो सवयीने टिपूनही घेतला.

तरी न्यायाधीशांनी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणीचा आदेश दिला. तुरुंगातले ते पद रिक्त आहे. बाहेर न्यायला पोलीस बंदोबस्त लागतो; त्यासाठी पत्र गेले आहे.

सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत बंदोबस्त मिळालेला नव्हता. संघर्ष बराकीतच होता.