सातवा सांधा

बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली आहे. एका भिंतीला रेडिओ, हजेरीची वही आणि मी. समोरच्या भिंतीला मामंजींचं टेबल. मामंजी म्हणजे माझे सासरे. कामावर सगळे त्यांना सांधेवाले म्हणतात.

बोगद्यात रेडिओचा आवाज आपला आपण जात नाही. शंभर पावलं गेला की दगड त्याला गिळतो. म्हणून भिंतीच्या कडेनं एक जाड काळी केबल आत नेलेली असते. तिच्या पोटात तांब्याची तार, तारेभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर पुन्हा तांब्याचं कवच. कवचाला मुद्दाम चिरा ठेवलेल्या असतात, म्हणजे आवाज वाटेत थोडा थोडा गळत जातो आणि आतल्या माणसांच्या हातातल्या सेटना मिळतो. दर दोनशे मीटरवर एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो, आणि तिथं पितळेचा सांधा येतो. असे तेरा सांधे होते. तेराही मामंजींच्या हातचे.

सांधा बाहेरून नळाच्या जोडासारखा दिसतो, पण त्याचा जीव आतल्या पिनेत. ती समोरच्या भोकात पुरती बसली पाहिजे. केसभर मागं राहिली तर सांधा वरून घट्ट, चकचकीत, आणि आतून मुका. पीन बसली की बोटांना एक बारीकशी टिचकी लागते, असं मामंजी सांगायचे. कानाला ती ऐकू येत नाही. त्यासाठी मापाचं एक हत्यार मिळतं, पेटीत होतंही, पण मामंजींनी ते कधी बाहेर काढलं नाही. "चष्मा लावून घास घेतो का कुणी?" म्हणायचे.

आमचे हे आत टोकाला, खडक फोडणाऱ्या टोळीचे मुकादम. टोक म्हणजे दोन हजार सहाशे मीटर. दर तासाला मी हाक मारायची, "टोक, बोला." त्यांनी म्हणायचं, "टोक हजर, सात माणसं." कामावर नवरा-बायको नाही. पण त्या चार शब्दांवरून मला कळायचं, डबा आवडला की नाही. एकदा रात्री आमचं वाजलं होतं, तर सकाळी रेडिओवर उत्तर आलं, "टोक हजर, सहा माणसं आणि एक दगड." मोठे साहेब नेमके खोलीत उभे होते. तेही हसले.

आता जे सांगायचं त्याचा दोष माझ्याही माथी आहे, म्हणून आधीच सांगते. मला दोन गोष्टी दिसल्या होत्या आणि मी गप्प बसले होते.

पहिली अशी. मामंजींच्या अंगठ्यावर एकदा मोठा फोड होता. तारेला कथलाचा डाग देण्याच्या तापल्या सळईनं भाजलेला, पांढरा झालेला. मी म्हटलं, "मामंजी, केवढं भाजलंय!" तर त्यांनी हात उलटापालटा करत विचारलं, "कुठं?"

दुसरी गोष्ट त्यानंतरची. सांधा बंद करण्याआधी ते पिनेचं टोक ओठांना लावायला लागले. डोळे मिटून, क्षणभर. मी भाबडी. मला वाटलं, देवाचं नाव घेऊन सांधा बंद करतात. मला ते फार भावलं. घरी यांना सांगितलंसुद्धा, की आपले बाबा किती भक्तीनं काम करतात बघा. पीन पुरती पुढं आहे का, हे मेलेल्या बोटांचं काम ओठांकडून करून घेत होते बिचारे. भक्ती माझ्या डोळ्यांत होती.

मग एका आठवड्यात रोज अकराच्या सुमाराला टोकाचा आवाज कुरकुरायचा. साडेदहाला हवेचा मोठा पंखा सुरू होतो, आत गारठा होतो. "दमट हवा आहे," मामंजी टेबलावरून मान वर न करता म्हणायचे. मी वहीत लिहायची, 'कुरकुर'. सलग तीन दिवस लिहिलं.

चौथ्या दिवशी अकराला मी हाक मारली. "टोक, बोला."

कुरकुर नव्हती. काहीच नव्हतं. बंद घराचं दार ठोठावल्यावर येते तशी शांतता. पुन्हा हाक मारली. पुन्हा तसंच.

तेवढ्यात खिडकीत पंपवाला आला. अंगानं आडवा, कायम ओला, त्याला सगळे बेडूक म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

"वहिनी, आत चहा उकळायला ठेवलाय का कुणी?"

"काय झालं?"

"या की बाहेर. गटार बघा."

बोगद्याच्या कडेच्या गटारातून आतलं पाणी बाहेर येतं. एरवी नितळ असतं, तळाची खडी दिसते. आज ते तांबूस, दाट वाहत होतं, आणि काठाच्या चार बोटं खालपर्यंत चढलं होतं. बेडकानं ओंजळ भरून माझ्यासमोर धरली. पाणी गळून गेलं आणि हातात मऊ गाळ राहिला.

"हसू नका," तो म्हणाला. हसत कुणीच नव्हतं.

मोठे साहेब धावत आले. त्यांनी तो गाळ बोटांत चोळला आणि त्यांचा चेहराच उतरला. सतराशे मीटरवर मऊ खडकाचा एक पट्टा होता, लोखंडी कमानी लावून थोपवलेला. पाणी त्या पट्ट्यातून माती धुऊन आणत होतं. आणि हे पाणी तिथून बाहेर यायला अर्धा तास लागतो. म्हणजे आत जे चाललं होतं ते अर्ध्या तासापूर्वीचं.

टोळी पट्ट्याच्या पलीकडे होती. तिथं गटार कोरडं, यंत्राचा कानठळ्या बसवणारा आवाज. पाठीमागं काय होतंय ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. रुळावरची गाडी त्यांच्यापाशीच उभी, ती एकच.

"रेडिओवरून बोलवा त्यांना!"

"टोक मुकं झालंय, साहेब."

"कधीपासून?"

"आत्ता अकरापासून. पण कुरकुर आधीचे तीन दिवस होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मामंजींकडे. "सांधेवाले, मीटर घ्या. पहिल्या सांध्यापासून तपासत चला. कुठला गेलाय बघा."

एकेका सांध्याला पाच मिनिटं धरली तरी तासाच्या वर हिशेब जात होता. मामंजी उठले नाहीत. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्या हातांकडे पाहत बसले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"अहो, उठा!"

"सातवा," मामंजी म्हणाले.

"काय सातवा?"

"सातवा सांधा गेलाय. चौदाशे मीटरवरचा."

"मीटर न लावता कसं सांगता?"

"तो बसला की नाही ते मला कळलं नव्हतं, साहेब. ओठाला लावला तेव्हाही कळलं नाही. पंख्याचा गारठा होता, ओठ फुटले होते. म्हटलं, बसला असेल." ते थांबले. "माझ्या बोटांना काही लागत नाही."

बेडूक पुटपुटला, "अरे देवा." साहेबांचे ओठ शिवी देण्यासाठी उघडले आणि तसेच मिटले. शिव्या द्यायला वेळ कुठं होता.

मामंजी आता उभे राहिले. "तार आकसून पीन मागं सरकलीय. मागची चाकी सैल करून केबल पुढं दाबली की पीन टेकेल. दाबून धरेपर्यंत आवाज जाईल. मला तिथं पोचवा."

सातव्या सांध्यापर्यंत भिंतीच्या कडेनं फरसबंद पायवाट आहे. पुढं नुसते रूळ, पाइप आणि गुडघाभर चिखल. बेडकानं आपली सायकल काढली. मामंजी कॅरिअरवर बसले, एका हातात पाना, गळ्यात सेट. साहेब ओरडले, "सातव्याच्या पुढं एक पाऊल टाकायचं नाही, दोघांनीही!" आणि ती सायकल अंधारात शिरली. मी देवाला म्हटलं, तुला आजवर कधी घाई केली नाही, आज करते.

आठ मिनिटांनी सेट बोलला. "पोचलो. चाकी सोडवतोय." मग धापा, पान्याचा खणखणाट, बेडकाचं "डावीकडं, काका, डावीकडं."

"सूनबाई," मामंजी म्हणाले. "मी दाबतोय. टेकलं की नाही, मला कळणार नाही. तू सांग."

"दाबा."

काही नाही.

"अजून."

काही नाही. मग खरखर झाली, आणि खरखरीच्या आत यंत्राचा आवाज, लांब, दुसऱ्या जगातला.

"आला! तिथंच धरा!"

गेला.

"गेला, मामंजी. मघाच्या जागी."

"मघाची जागा कुठली, बाळ? मला दोन्ही सारख्याच."

त्यांना डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पीन पितळेच्या आत. बोटं मुकी. डोंगराच्या पोटात ते दाबत होते आणि दीड किलोमीटर बाहेर बसून मी त्यांची बोटं झाले होते. "वर... नाही, खाली... किंचित डावं... आला. आला. श्वासही सोडू नका."

मी बटण दाबलं. लांबलचक वाक्य मध्येच तुटेल, म्हणून एकेक शब्द फेकला. "टोक. यंत्र बंद. गाडी. बाहेर. आत्ता."

"...क हजर... सात मा..." हे नेहमीचंच म्हणत होते. माझी हाक अर्धीच पोचली होती.

"टोक. पट्टा. धुपतोय. बाहेर."

खरखर झाली. मग यंत्राचा आवाज थांबला. तो थांबला तेव्हा कुठं मला कळलं, की त्यांनी ऐकलं. ह्यांचा आवाज आला, स्वच्छ, एकदाच. "निघालो. बाबांना सांग, आवाज छान येतोय."

मी वहीत लिहिलं, 'टोक निघालं'.

साहेब म्हणाले, "सांधेवाल्यांना म्हणावं, सोडा आणि बाहेर या."

मी तसं सांगितलं. मामंजी म्हणाले, "गाडी पट्ट्याशी अडली तर? त्यांना कुणाशी बोलायचं असेल तर? मी धरतो." बेडूक मधेच ओरडला, "मीही इथंच आहे, वहिनी. पाणी पावलांवर आलंय, पण मी बेडूकच ना!"

गाडी पट्ट्याखालून गेली तेव्हा वरून कमानींचा करकराट येत होता, असं ह्यांनी नंतर सांगितलं. सातव्या सांध्याशी गाडी थांबली. मामंजी भिंतीला छाती टेकून, दोन्ही मुठी केबलवर आवळून उभे होते. "बाबा, सोडा, आलो आम्ही," हे म्हणाले. आपण सोडलं असं मामंजींना वाटत होतं. हात मात्र सुटले नव्हते. ह्यांनी एकेक बोट धरून उलगडलं.

नऊ माणसं बाहेर आली. मी तीनदा मोजली. वीस मिनिटांनी आतून एक आवाज आला, भांड्यांचं कपाट कोसळावं तसा, आणि गटार काठ सोडून रस्त्यावर आलं. पट्टा बसला होता.

लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. हे माझ्याजवळ येऊन नुसते उभे राहिले. कुणीतरी सांधेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी त्यांच्याकडे पाठ फिरवली. दोन्ही बरोबरच होतं. साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बोटं कधीपासून अशी आहेत?"

"पुरती गेली ती मागच्या थंडीत. त्याआधी कमी-जास्त."

"इथं आपण उन्हाळ्यात आलो," साहेब म्हणाले. "मागच्या थंडीत तुम्ही कुठं होता?"

ह्यांनीच उत्तर दिलं. "नदीपलीकडच्या बोगद्यात. थंडीपासून आम्ही निघेपर्यंतचे सगळे सांधे बाबांनीच केले. बावीस."

तो बोगदा आमच्या दुप्पट लांबीचा. काम अजून चालू आहे, तीन पाळ्यांत.

साहेबांनी भिंतीवरच्या कागदावरून नंबर वाचला, मी फिरवला. घंटी वाजत राहिली. सहा वेळा, सात वेळा. मग माझ्याच वयाच्या एका बाईनं उचलला. तिच्यामागं कुणीतरी हसत होतं.

"बोला."

"आत किती माणसं आहेत?"

"कोण बोलतंय?"

"तुमच्यासारखीच रेडिओवर बसणारी. आत किती, ताई?"

"एकेचाळीस. का?"

"सगळ्यात लांब कोण आहे, त्याला आधी हाक मारा. आत्ता. मी फोन धरते."

"अहो, मघाशीच हजेरी झालीय. थोडी कुरकुर होती, एवढंच."

"ताई, मारा हाक."

तिनं फोन टेबलावर ठेवल्याचं मला ऐकू आलं. बटणाचा आवाज. तिची हाक, जराशी वैतागलेली. मग ती थांबली. पुन्हा हाक मारली, आता वैताग नव्हता. तिच्यामागचं हसू बंद झालं होतं. मामंजी खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले आणि फोनकडे बघत उभे राहिले. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली, आणि या वेळी नावानं.