चाळिसावी आंघोळ

"निशाण उतरव. पाणी बघ जरा, ताटात ओतल्यासारखं सपाट आहे," फानूरिस म्हणाला. किनाऱ्यावरची खानावळ आणि भाड्याच्या होड्या त्याच्याच.

"सपाट आहे म्हणूनच," म्हणत स्तामातिस पुन्हा येरझारा घालू लागला. सकाळपासून जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवर त्याचं बूड टेकत नव्हतं. वारा डोंगरावरून समुद्राकडे सुटला होता. असा वारा काठाशी लाट उठू देत नाही आणि हवेच्या गादीवर तरंगत पहुडलेल्या पाहुण्याला गुपचूप खोल पाण्यात नेऊन सोडतो. हे त्याला सिदेरिसकाकांनी शिकवलं होतं. त्याच्याआधी तीस वर्षं ही खुर्ची त्यांची होती. तरीही ‘पाण्यात उतरू नका’ सांगणाऱ्या लाल निशाणाकडे बघून कुणी हसलं की त्याचा जीव खालीवर होई. आपलंच चुकत असलं तर?

"भित्रा कुठला. पाहुणे चालले पलीकडच्या किनाऱ्यावर."

तेवढ्यात फानूरिसच्याच मांडवातली गुलाबी हवेची गादी उडून पाण्यात पडली. दोघं बघत राहिले. फानूरिसच्या हातातली कॉफी संपायच्या आत ती दूर जाऊन बटणाएवढी दिसू लागली. फानूरिस होड्यांना साखळी लावायला गेला.

दुपारी एवान्थियाकाकू गवती टोपी घालून, डबा घेऊन आल्या. त्यांचे यजमान सिदेरिसकाका वर्षभर अंथरुणाला खिळलेले. काकू रोज पोहून झालं की डबाभर समुद्र घरी नेत आणि त्यांचे पाय धूत. उन्हाळ्यात समुद्राच्या चाळीस आंघोळी झाल्या की हिवाळा निभावतो, असं बेटावर सगळेच मानतात. पाय धुणं हीच आंघोळ धरून काकांच्या एकोणचाळीस झाल्या होत्या.

"मी नाही उतरत रे. डबा तेवढा भरू दे," काकू म्हणाल्या. "हे कालपासून घोटभर सूपही नको म्हणतायत."

"द्या इकडे." त्याने काठावरूनच डबा भरला आणि काम संपल्यावर स्वतः त्यांच्या घरी पोचवला.

"निशाण कुठलं?" काकांनी आधी तेच विचारलं.

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "लाल," स्तामातिस म्हणाला.

"पाणी सपाट असताना?"

"हो."

"लोक हसले असतील."

"हसले."

"हसू देत." काकांनी चादर पायांवर ओढून घेतली. "मग आज आंघोळ नाही. लाल म्हणजे सगळ्यांना लाल."

"अहो, नुसते पाय तर धुवायचेत," काकू कळवळून म्हणाल्या.

"आज नाही म्हटलं ना. उद्या."

स्तामातिसला रडूही आलं आणि अभिमानही वाटला. डबा दाराशीच राहिला.

पहाटे वारा पडला. स्तामातिस हिरवं निशाण चढवत होता, तोच चर्चची घंटा कुणी गेल्यावर वाजते तशी सावकाश, थांबत थांबत वाजू लागली. दोरी हातात धरून तो किती तरी वेळ उभाच राहिला.

तिसऱ्या दिवशी काकू रोजच्या वेळी आल्या. अंगावर काळे कपडे, डोक्यावर टोपी नाही, हातात तोच भरलेला डबा. पाण्याशी येऊन त्या थांबल्या.

"हिरवंच आहे ना रे?"

"हो काकू."

मग त्या घोटाभर पाण्यात गेल्या, वाकल्या आणि डबा हळूहळू समुद्रात रिकामा केला.