ताईनं आधीच बजावून ठेवलं होतं

धाकटीचं एक आहे, ती एकदा 'हो' म्हणाली की म्हणाली. काळ्या दगडावरची रेघ. लहानपणी कोणी सांगितलं, इथेच उभी राहा, मी आलेच, की ही बया दिवेलागणीपर्यंत तिथेच उभी. शोधायला गेलेल्यांनाच म्हणायची, जागा सोडू नको म्हणाले होते ना? ताईला बहिणीचा हा गुण पक्का ठाऊक होता. म्हणून तर तिनं अख्ख्या घरादारातून नेमकं हिलाच धरलं.

धाकटी गाडी शिकवते. ती ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असते ना, टपावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक, तीच. आणि ताई बसते वीज ऑफिसात, तक्रारीच्या खिडकीवर. दिवसभर लोक येऊन तिच्यावर खेकसतात आणि ती साखर घोळल्यासारखी म्हणते, आपलं म्हणणं समजलं, आपण बसून घ्या. घरी मात्र कोणाची टाप नाही तिच्यापुढे तोंड उघडायची. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, तर लग्न झाल्यापासून बसूनच घेतायत.

तर ताईला दिवस गेलेले, दुसऱ्या वेळी. पोट इतकं पुढे आलेलं की खिडकीवरच्या खुर्चीला मागे सरकायला जागा उरली नव्हती. एके दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत थेट धाकटीच्या गाडीत येऊन बसली, शिकणाऱ्याच्या सीटवर. स्टिअरिंग पोटाला लागत होतं. म्हणाली, इंजिन बंद कर, मला बोलायचंय.

काय बोलायचं होतं? पहिल्या बाळंतपणाचं. लेक झाली तेव्हा कळा देऊन देऊन ताई दमली होती, आणि मग ऑपरेशन करायचं ठरलं. पण ठरलं कुठे, तर बाहेर, कॉरिडॉरमध्ये. डॉक्टर, आई आणि भाऊजी, तिघं दाराबाहेर उभे राहून बोलले, मान डोलावली, आणि ताई आत पंख्याकडे बघत पडलेली. स्ट्रेचर हलायला लागलं तेव्हा तिला कळलं. ऑपरेशन वाईट झालं नाही हो, बाळ सुखरूप, टाके छान भरले. पण माझ्या पोटाचं काय होणार हे सगळ्यांत शेवटी मला कळलं, असं ताई म्हणाली, आणि म्हणताना तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झालेले धाकटीनं बघितले.

"म्हणून या वेळी सगळं माझं मी करणार," ताई म्हणाली. "पाठीतलं ते कळांचं दुखणं थांबवायचं इंजेक्शनसुद्धा नको. एक घेतलं की मग दुसरं, मग तिसरं, आणि मी परत पंख्याकडे बघत पडणार. त्या वेळी मी रडेन, भेकेन, तुझे पाय धरेन. ऐकायचं नाही."

"पाय धरणार? तुला वाकता तरी येतंय का आता?"

"चेष्टा नको. शपथ घे."

धाकटीनं घेतली शपथ. आता एवढं लांबलचक सांगितलं ताईनं, कॉरिडॉर काय, पंखा काय, पण धाकटीच्या डोक्यात उरलं फक्त एक. इंजेक्शन नाही. बास. ताईनं डॉक्टरबाईंनाही तेच सांगून ठेवलं, की आयत्या वेळी मी काहीही बरळले तरी माझी बहीण सांगेल ते ऐका. भाऊजींना विचारायचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या पायातला काटा काढताना जो माणूस स्वतः भिंतीला टेकतो, त्याच्यावर कोण भरवसा ठेवणार?

आणि एका सकाळी, लख्ख ऊन पडलेलं, कळा सुरू झाल्या. लेकीला आईकडे सोडलं आणि तिघं दवाखान्यात. खोली छान होती, हिरवा पडदा, खिडकीतून समोरच्या छपरावरची टाकी दिसायची, आणि ताईच्या पोटाला पट्टा बांधलेला, त्यातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, टबडक टबडक, घोडं दौडल्यासारखे. सुरुवातीला मजाच चालली होती. नर्स आली की ताई विचारायची, आपली काही तक्रार? भाऊजीही हसत होते.

मग कळा वाढल्या. आणि बायांनो, वाढल्या म्हणजे काय वाढल्या! ताईनं कॉटचा दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. हसणं गेलं, बोलणं गेलं, नुसता लांब हुंकार. आणि मग ती म्हणाली, मला ते इंजेक्शन हवंय.

धाकटीला वाटलं, आली आपली वेळ. ती खुर्चीतून उठून कॉटपाशी उभी राहिली, अगदी पहाऱ्यावर उभं राहावं तशी. "नाही ताई. आपलं ठरलंय."

पुढची कळ. ताई पुन्हा म्हणाली. धाकटीनं पुन्हा नाही म्हटलं, वर कपाळ पुसलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. वाह गं माझी वाघीण, तू करशील, असलं सगळं म्हणाली. आतून जीव तुटत होता बरं का तिचा. पण तिला वाटत होतं, आज मी ढिली पडले तर ताई आयुष्यभर म्हणेल, तूसुद्धा? भाऊजी बिचारे रडवेले. म्हणाले, अगं, ती मागतेय ना. तर ही त्यांच्यावरच उखडली, तुम्ही मागच्या वेळी कॉरिडॉरमध्ये काय केलंत ते विसरलात का? भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. ते जाऊन खिडकीपाशी उभे राहिले आणि टाकीकडे बघत बसले.

डॉक्टरबाई आल्या. ताईला तपासलं, म्हणाल्या, बाळ छान आहे, पण अजून बराच पल्ला आहे. ताई कळेत होती, तिनं नुसतं धाकटीकडे बोट केलं. धाकटी ताठ उभी राहून म्हणाली, तिचं आधीच ठरलंय, इंजेक्शन नको.

"मलाही सांगून ठेवलंय तिनं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण माणूस मत बदलू शकतो. तिनं स्वतः मला नीट सांगितलं की हवंय, तर मी देणार. तुम्ही आड आलात तरी देणार. पलीकडे एकीला बघून येते, तोवर बोला तुम्ही तिच्याशी."

आता आली का पंचाईत. धाकटी घाईघाईनं ताईवर वाकली आणि सुरू झाली. नक्की हवंय का? मग ठरलेलं मोडायचं का? नंतर मला बोलणार नाहीस ना? सांग ना ताई, हो की नाही? इकडे कळ ऐन भरात. ताईनं मान इकडून तिकडे आपटली आणि कशीबशी म्हणाली, तूच ठरव, मला नको विचारू, तूच ठरव.

आणि तिथे धाकटी थबकली. कारण हे तिनं बघितलेलं होतं. रोज बघते ती. शिकाऊ माणूस चौकात असतो, समोरून ट्रक येतोय, मागून हॉर्न वाजतायत, आणि अशा वेळी आपण विचारलं की आता कुठला गिअर टाकाल, तर माणूस गिअर विसरतो, पाय विसरतो, बापाचं नाव विचाराल तर तेही विसरतो. हात सोडून म्हणतो, मॅडम, तुम्हीच बघा. म्हणून तिचा नियमच आहे, चालत्या गाडीत प्रश्न विचारायचा नाही. गाडी कडेला घ्यायची, थांबवायची, त्याचा श्वास खाली बसू द्यायचा, मग विचारायचं. मग बरोबर सांगतात. आणि ही शहाणी सकाळपासून बहिणीशी बोलत होती ती सगळी भर चौकात.

ती ताईचा हात धरून थांबली. कळ चढली, टोकाला गेली, आणि मग लाट मागे सरकावी तशी उतरत गेली. ताईचे खांदे सैल झाले. डोळे उघडले. पट्ट्यातलं घोडं तेवढं दौडत होतं. धाकटी गुडघ्यांवर बसली, ताईच्या तोंडाच्या पातळीवर तोंड आणलं, आणि अगदी हळू विचारलं.

"ताई, गाडीत ठरलेलं सगळं बाजूला ठेव. मी रागावणार नाही, कोणी हसणार नाही. आत्ता, या घडीला, तुला काय हवंय?"

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि गंमत म्हणजे तेव्हा कळ नव्हतीच.

"हवंय इंजेक्शन," ती म्हणाली. अगदी स्वच्छ आवाजात, खिडकीवर बोलते तशी. "दुखण्याशी माझं भांडण नव्हतं गं. मला न विचारता काही व्हायला नको होतं."

 मग सकाळपासून धाकटी काय करत होती? तिघांनी जे दाराबाहेर केलं, ते हिनं दाराच्या आत, उशाशी उभं राहून, कपाळ पुसत पुसत केलं होतं. आणि वर भाऊजींनाच सुनावलं होतं. तिनं खिडकीकडे बघितलं तर भाऊजी पाठमोरेच डोळे पुसत होते. ती म्हणाली, भाऊजी, जा ना, डॉक्टरबाईंना बोलावून आणा. माणूस चप्पल न घालता पळाला.

ताईनं डॉक्टरबाईंना स्वतः सांगितलं. मग भूल देणारे डॉक्टर आले, उंचच्या उंच, त्यांनी ताईला कॉटच्या कडेला बसवलं, उशी कवटाळून पाठीची कमान करायला सांगितली आणि म्हणाले, आता हलायचं नाही. कळा चालू असताना हलायचं नाही म्हणजे गंमत आहे का? धाकटी समोर उभी राहिली, ताईनं कपाळ तिच्या पोटाला टेकवलं, आणि दोघी श्वास मोजत राहिल्या. हळूहळू पाय जड झाले, कळ यायची ती नुसती दाब आल्यासारखी. ताईनं मान वर केली आणि डॉक्टरांना म्हणाली, आपल्या सेवेबद्दल आम्ही समाधानी आहोत. आणि झोपली. खरंच झोपली, तोंड उघडं टाकून. भाऊजींनी तेवढ्यात अख्खा बिस्किटांचा पुडा संपवला.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दुपार कलली आणि बाळंतपणाचं घोडं पेंड खायला लागलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, थांबल्या, पुन्हा तपासलं. म्हणाल्या, बाळ पुढे सरकत नाहीये. ठोके चांगले आहेत, थोडी वाट बघू शकतो. पण आधीचे टाके आहेत, फार ताणणं बरं नाही. नाहीतर ऑपरेशन. आणि सवयीनं म्हणा, त्यांची नजर गेली भाऊजींकडे. भाऊजींनी बघितलं धाकटीकडे. सकाळपासून तीच तर हवालदार होती. धाकटीच्या जिभेवर शब्द आलेच होते, वाट बघू, ताईला नॉर्मल हवं होतं. तिनं ते गिळले. आणि ती ताईकडे वळून नुसती बघत राहिली. मग भाऊजीही वळले, डॉक्टरबाईही वळल्या.

ताईनं वेळ घेतला. तिनं एकेक विचारलं, थांबले तर धोका काय, ऑपरेशनला मी जागी असेन ना, बाळ लगेच माझ्याजवळ देणार ना, माझी बहीण आत येऊ शकते का. डॉक्टरबाईंनी कॉटवर बसून सगळ्याची उत्तरं दिली. मग ताई म्हणाली, थोडं थांबू या. थांबले सगळे. चहा आला, चहा गार झाला. पुन्हा तपासलं, जैसे थे. ताईनं डोळे मिटले, पोटावर हात ठेवला, बाळाशी काय बोलली ते तिलाच माहीत.

"चला," ती म्हणाली. "करू या ऑपरेशन. पण बाळ बाहेर येईल तेव्हा मधला पडदा खाली घ्यायचा. मला बघायचंय."

घेतला पडदा खाली. धाकटी टोपी, गाऊन घालून उशाशी उभी होती, आणि ताई मान उचलून उचलून बघत होती. ओलं, चिडलेलं, दोन्ही मुठी आवळलेलं बाळ वर आलं, आणि त्यानं असा काही सूर लावला की ताई म्हणाली, आपलं म्हणणं समजलं रे राजा. सगळं ऑपरेशन थिएटर हसलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी वॉर्डात गेली ती मान खाली घालूनच. ताई बाळाला पाजत होती. म्हणाली, इकडे ये, मला एक सांग, काल सकाळी मी इतक्यांदा मागितलं, तू नीट विचारायला एवढा वेळ का लावलास?

"तूच म्हणाली होतीस, पाय धरले तरी ऐकू नको."

"मी म्हणेन. पण तुला देवानं डोकं दिलंय ना?"

"चुकलं ताई."

"चुकलंच. किती दुखत होतं माहितीय?" ताई म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं, हसल्यावर टाके दुखले, टाके दुखले म्हणून तिनं धाकटीला चिमटा काढला. धाकटीनं काढू दिला.

तेवढ्यात आत्या आली, त्यांच्या वडिलांची थोरली बहीण, हातात लोकरीचं टोपडं. बाळाला बघितलं, न बघितलं, आणि सरळ धाकटीलाच विचारलं, काय गं, नॉर्मल की सिझर? आणि ते पाठीतलं इंजेक्शनही घेतलं म्हणे? हल्लीच्या मुलींना सोसवत नाही बाई काही.

धाकटीचं तोंड उघडलंच होतं. चांगलं सणसणीत उत्तर तयार होतं, आत्याला आठवडाभर पुरलं असतं. पण तिनं ओठ मिटले, खुर्ची ओढली, आत्याला ताईसमोर बसवलं आणि म्हणाली, "ते तिला विचार ना, आत्या. ती इथेच आहे."

ताईनं बाळ या कुशीतून त्या कुशीत घेतलं, नीट टेकून बसली, आणि सांगायला लागली, अगदी काल सकाळच्या पहिल्या कळेपासून.