एका ताऱ्याचं गाणं

"बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक गाणं दोन-दोनदा होतं. मी सगळं साफसूफ करून टाकलं बघा!" यादिरा मोठ्या फुशारकीने म्हणाली.

एलिएसरने हातातली एम्पानादाची तळलेली करंजी तशीच खाली ठेवली. आज त्याच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. गल्लीत पाहुणे येऊन बसले होते, आणि गाणी लावायचं काम त्याचं होतं.

"कुठली पुसलीस?"

"ती भराभर पळणारी. बिघडलेली होती ना?"

लहानपणीच मावशीकडे माद्रिदला गेलेल्या पोरीला काय सांगणार? काली शहरातल्या या ओब्रेरो वस्तीत सावकाश फिरायची तबकडी मुद्दाम वेगात फिरवतात. त्याशिवाय इथे नाचाला रंग चढत नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एलिएसरने साऱ्या तबकड्या कॉम्प्युटरवर घेतल्या, एकदा मूळ वेगात, एकदा वस्तीच्या वेगात. वस्तीच्या वेगाला त्याने पसंतीचे पाच तारे दिले. मूळ वेगाला एकच, तोही दया म्हणून.

"म्हाताऱ्या, लाव की आता!" बाहेरून नोहेमी ओरडली.

त्याची बायको नाचात अजून भल्याभल्यांना दमवायची. तो मात्र गुडघा दुखावल्यापासून नाचला नव्हता. गाणी लावणाऱ्याला कोणी ओढत नाही, म्हणून कॉम्प्युटरमागे लपायचा. ती दुसऱ्यांबरोबर नाचायला लागली की तो मनातून जळायचा आणि मान खाली घालून पुढचं गाणं शोधत बसायचा.

नाइलाजाने त्याने एका ताऱ्याचं गाणं लावलं. ट्रम्पेट रेंगाळला, गायकाचा आवाज जाडाभरडा झाला. जोड्या गोंधळून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय रे एलिएसर, गायकाला जेवण अंगावर आलं का?" शेजारचा ओर्लांदो खुर्चीतूनच ओरडला आणि गल्ली खदखदून हसली.

यादिराचा चेहरा रडवेला झाला. "बाबा, माझ्यामुळे तुमचा पचका झाला."

तेवढ्यात नोहेमी तरातरा आत आली. "ऊठ."

"अगं, गुडघा..."

"गाणंसुद्धा लंगडतंय आज. आता कसली सबब सांगतोस?"

तिने त्याला हाताला धरून गल्लीत आणलं. पहिल्या गिरकीला गुडघा कुरकुरला. दुसरीला एलिएसर त्याला विसरलाच. नोहेमी अजूनही वळण्याआधी त्याचं बोट हलकेच दाबत होती. त्याला इतका आनंद झाला, की हसावं की रडावं कळेना.

"पाय अजून तुडवतोसच," ती त्याच्या कानात म्हणाली.

गाणं संपलं. "आता जलद लावा!" पोरांनी गलका केला.

"गप्प बसा रे!" ओर्लांदो म्हणाला. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि बायकोपुढे हात केला. "यादिरा, तेच परत लाव गं."

यादिराने लावलं. कडेच्या खुर्च्यांवरून वस्तीतली म्हातारी माणसं एकेक करून उठू लागली.