चौथी जागा

सकाळी सव्वासात वाजले की तिचा नवरा लेकीला कडेवर घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसायचा. वीस मिनिटं. तेवढ्या वेळात तिचं ध्यान. तिने कधी मागितलं नव्हतं, त्यानेच ठरवून टाकलं होतं. तो दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला. नखांतलं प्लास्टर कितीही घासलं तरी निघत नसे. आईच्या ध्यानात आवाज नको म्हणून लेकीच्या बुटांतल्या शिट्ट्याही त्याने कामावरच्या पकडीने उपटून टाकल्या होत्या. त्या मुक्या बुटांची टपटप दाराआडून ऐकू आली की तिचं मन तिला खायचं.

कारण तसंच होतं. ध्यानाच्या शिबिरातल्या ताईंनी मैत्रीभावना शिकवली होती. डोळे मिटायचे, श्वास स्थिरावू द्यायचा आणि चौघांसाठी मनात म्हणायचं, सुखी हो. पहिली जागा स्वतःची, दुसरी जिवाभावाच्या माणसाची, तिसरी ओळखीपुरत्या कुणाची, आणि चौथी, ज्याच्या आठवणीनेच कपाळाला आठी पडते त्याची.

ती शिबिराला गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात लेक पलंगावरून पडली होती. नवरा फोन घ्यायला दोन पावलं बाजूला गेला, आणि धप्प. टेंगूळ तिसऱ्या दिवशी उतरलं. पण "अगं, पडतातच मुलं" हे त्याचं वाक्य काही तिच्या मनातून उतरलं नाही. दुसऱ्या जागेवर तिने लेकीला बसवलं, तिसऱ्या जागेवर औषधाच्या दुकानातल्या काकांना, आणि चौथीवर नवऱ्याला. तात्पुरतं. त्याला आता चार महिने झाले होते. मैत्री कसली, रोज सकाळी ती तो धप्प आवाज पुन्हा ऐकून घ्यायची.

रविवारी लेकीची मावशी तिला बागेत घेऊन गेली.

"आज मीही बसतो," तो म्हणाला. "जिन्याच्या पायऱ्या पाठ झाल्यात माझ्या."

तिने चार जागा समजावल्या. दोघं बसले. पाच मिनिटांत त्याने एक डोळा उघडला.

"दुसऱ्या जागेवर तुला घेतलंय. चालेल ना?"

"चालेल."

"तू कुणाला घेतेस?"

"पिल्लूला."

"तेही खरंच. तिच्यापुढे आपलं काय चालणार. म्हणजे मी तिसरा?"

"तिसरे औषधवाले काका."

तो हसला. "काकांच्याही मागे?" आणि हसता हसताच थांबला. पुढे एकच जागा उरत होती.

तू आणि मी काही वेगळे आहोत का, पहिल्या जागेवर आपण दोघंही, असं एक गोडसं खोटं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"ती पडली ना, तेव्हापासून," ती म्हणाली.

तो अंगठ्याचं नख खरवडत राहिला. "म्हणजे चार महिने रोज सकाळी तू मला सुखी हो म्हणतेयस."

"हो."

"समोर एकदाही म्हणाली नाहीस गं."

चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता. "पडतातच मुलं, हे मी तुला म्हणत नव्हतो. मलाच धीर देत होतो. आठवडाभर हात थरथरत होते. दोन कवळ्या परत आल्या, एक दात सरळ बसेल तर शपथ."

हे तिला माहीतच नव्हतं. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास मोजणारी ती. पण शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाचा हात थरथरलेला तिला दिसला नव्हता.

सोमवारी सव्वासातला त्याने लेकीला उचललं. "बस तू. आणि लगेच जागा बदलू नकोस माझी, सवय झालीय तिथली." बोलला गमतीने, पण तिच्याकडे न बघता.

ती बसली. पहिल्याच जागेवर अडली; स्वतःला सुखी हो म्हणायला जीभ उचलेना. दाराबाहेरून आवाज आला, "हळू गं पिल्लू, आई बसलीय."

ती उठली आणि दार उघडलं.

"काय झालं? आवाज आला का आमचा?" तो धडपडत उठायला लागला.

"नाही. सरक जरा."

तो सरकला. लेक मुक्या बुटांनी एकच पायरी चढत होती, उतरत होती. त्याचा एक हात तिच्या पाठीमागे, न टेकवता, तयार. चार महिने रोज तो हात असाच असणार.

"सुखी हो," ती म्हणाली. चोरी कबूल करावी तशी, खाली बघून.

"ऐकू नाही आलं."

आलं होतं. तिने पुन्हा म्हटलं.