लाल चिठ्ठी लागलेली बरणी

मित्रांनो, मी महाळुंग्याच्या एका बालवाडीतली जुनी काचेची बरणी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी सध्या रागात आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात असं मी ऐकून आहे. छत्री गोड बोलते, फळा गोड बोलतो, मोडका बाकसुद्धा मोठ्या मनाने सगळ्यांना माफ करून टाकतो. मला ते जमायचं नाही. माझ्यात वीस वर्षं कैरीचं लोणचं होतं, त्यातलं थोडं तिखट अंगात मुरलेलंच आहे.

मी कुठल्या गावच्या भट्टीतून निघाले, ते मला आठवत नाही. चाकणच्या बाजारातून रुक्मिणीबाईंनी मला उचललं तिथपासूनचं मात्र सगळं आठवतं. रुक्मिणीबाई जुन्या गावकरी. त्यांच्या शेतावर आता एका कंपनीचं गोदाम उभं आहे, पण घरामागचं आंब्याचं झाड तेवढं वाचलं होतं. त्या झाडाच्या कैऱ्या दर उन्हाळ्यात माझ्या पोटात यायच्या. फिरकीचं पत्र्याचं झाकण दोन्ही हातांनी आवळून त्या म्हणायच्या, हिच्यातलं लोणचं कधी नासत न्हाई. मला त्याचा फार गर्व होता. हवा आत येऊ द्यायची नाही आणि वास बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच काम मला येत होतं आणि ते मी चोख करत होते.

पुढे रुक्मिणीबाई बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. तिथल्या दिपालीबाईंना एक आरपार दिसणारं भांडं हवं होतं. प्लॅस्टिकचे डबे ओरखडे पडून आंधळे झाले होते. रुक्मिणीबाईंनी मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि पिशवीत घालून शाळेत आणलं. आत काय भरणार आहेत, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं, कारण दिपालीबाईंनी माझ्यात पहिल्याच दिवशी एक नाकतोडा सोडला.

त्यांचं म्हणणं असं होतं की ही मुलं कंपन्यांच्या मधोमध वाढतात. दहा चाकी ट्रक कुठला आणि बारा चाकी कुठला, हे त्यांना लांबून कळतं. पण किडा दिसला की त्यांना दोनच गोष्टी सुचतात, चप्पल नाहीतर स्प्रे. म्हणून बाईंनी नेम घालून दिला. रोज एक किडा आणायचा, त्याचे पाय मोजायचे, चित्र काढायचं आणि सुट्टी व्हायच्या आत त्याला जिथून आणला तिथे सोडायचं. मुलांना ते भलतंच आवडलं. पाच वर्षांच्या सनीने एकदा काडेपेटीतून झुरळ आणलं. सगळ्यांनी माझ्याभोवती डोकी लावून मोजलं, त्यालाही सहाच पाय निघाले. रुक्मिणीबाईंनी सवयीने चप्पल काढली होती, पण तेवीस मुलं एकदम आडवी आल्यावर त्यांना ती परत पायात घालावी लागली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला लोणच्याची आठवण आली नाही.

मग बाईंच्या मनात आलं की अंड्यातून फुलपाखरू होईपर्यंतचं सगळं मुलांना दाखवावं. इथून माझे ग्रह फिरले. पहिली अळी आणली, तिला बाजारातला कढीपत्ता घातला. त्यावर फवारणी झालेली होती. अळी दुसऱ्या दिवशी वाकडी होऊन पडली. दुसऱ्या अळीला बाईंनी झाडावरचा पाला धुऊन पुसून दिला, पण शुक्रवारी संध्याकाळी खोली बंद करताना रुक्मिणीबाईंनी झाकण आवळलं. हाताला सवयच ती, वीस वर्षांची. आणि मी? मीही सवयीप्रमाणे हवा आत येऊ दिली नाही. आतून पाणी सुटलं, पाला कुजला, आणि सोमवारी मुलांनी पाहिली ती काळी पडलेली अळी. आजही कुणी माझ्या घट्टपणाचं कौतुक केलं तर मला ते टोचतं.

बाईंनी झाकण फेकून दिलं आणि माझ्या तोंडावर जुन्या मऊ धोतराचं फडकं रबराने बांधलं. पण मुलांच्या मनात बसायचं ते बसलंच होतं. ह्या बरणीत घातलं की मरतं, असं सनी सगळ्यांना सांगत सुटला. वर्षाली नावाची एक मुलगी तर माझ्या फळीकडे पाठ करून बसायची. तिचे वडील, निरंजन, परभणीकडून कामासाठी आलेले, जवळच्याच एका कारखान्यात लाइन लीडर, म्हणजे यंत्रांच्या एका रांगेवरचे मुकादम. त्यांच्या चाळीतल्या खोलीबाहेर रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्त्याचं झाड होतं, आणि त्यावर वर्षालीला एक अळी सापडली होती. चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी, इवलीशी. ती अळी तिने आठ दिवस शाळेत कुणाला सांगितली नाही. तोवर ती हिरवीगार झाली, झाडाचा शेंडा फस्त झाला आणि पाला संपत आला. तेव्हा कुठे ती फांदीसकट अळी घेऊन बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, मरणार नाही ना?"

दिपालीबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या वेळी नाही मरणार. माझा शब्द."

आता असा शब्द द्यावा का, सांगा. पण दिला. रोज सकाळी बाई घराजवळच्या झाडाचा ताजा पाला आणायच्या. मुलांनी अळीला काडीने डिवचलं तर ती डोक्यातून दोन लाल शिंगं काढायची आणि असा उग्र वास सोडायची की पहिली रांग नाक धरून पळायची. पाचव्या दिवशी तिने खाणं सोडलं, काडीवर चढली आणि एका बारीक धाग्याने स्वतःला बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथे वाळक्या पानासारखा एक कोश होता. सनी म्हणाला, मेली. बाई म्हणाल्या, झोपलीही नाही, आत काम चालू आहे, थांबा.

थंडीचे दिवस होते. थंडीत कोशाला वेळ लागतो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सनी रोज विचारायचा आणि बाई रोज तेच उत्तर द्यायच्या. वर्षाली मात्र माझ्या फळीसमोरून हलायची नाही. तिसऱ्या आठवड्यात कोशाची साल पातळ झाली आणि आतले पिवळे-काळे पंख दिसायला लागले, अगदी अंधुक. ते तिने सगळ्यांच्या आधी पाहिलं. तो शुक्रवार होता. आता एक-दोन दिवसच, असं बाई तिला म्हणाल्या.

नेमक्या त्या शनिवारी कारखान्याची माणसं मदत करायला आली. मदत म्हटलं की माझ्या काचेवर काटा येतो, तो तेव्हापासून.

कारखान्यात एक पद्धत असते, तिला ते फाइव्ह एस म्हणतात. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव, आणि जी वस्तू कामाची नाही तिला लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायचं. यंत्रांच्या शेडमध्ये ती पद्धत चांगलीच असणार, माझं काही म्हणणं नाही. कंपनीने ठरवलं की बालवाडीही तशीच लखलखीत करून द्यावी. सहा जण टोप्या घालून आले, पुढे निरंजन. रात्रपाळी करून, झोप न घेता तो माणूस आला होता, हेही सांगायला हवं. दिपालीबाई मीटिंगसाठी चाकणला गेल्या होत्या. खोली रुक्मिणीबाईंनी उघडून दिली.

निरंजनने मला उचललं, उजेडात धरलं, काचेवर दोनदा टिचकी मारली. आतलं काही हललं नाही.

"मावशी, हे कामून ठेवलंय? वाळकी काडी आहे नुसती."

"र्‍हाऊ द्या, बाईंचा किडा हाय त्यात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. त्यांनाही मनातून वाटत होतं की तो केव्हाच मेलाय, बाई उगीच मुलांना समजावतात.

"हलत तर न्हाई काही," असं म्हणत त्याने माझ्या पोटावर लाल चिठ्ठी चिकटवली. मित्रांनो, माझं तोंड वीतभर रुंद आहे, आणि त्यातून एक शब्द निघाला नाही. त्यांच्यातल्या कुणाला तरी वाटलं, बरणी रिकामीच आहे तर टाकून द्यायचे तुटके रंगखडू तरी यात भरावेत. त्याने फडकं काढलं आणि मूठमूठ खडू माझ्यात ओतले. काडी वाकली, कोश खडूंच्या आणि काचेच्या मध्ये दाबला गेला. मग मला खोलीमागच्या ढिगावर आडवं टाकलं. आत फळ्यांवर नावं लागली, फरशीवर पिवळे पट्टे ओढले गेले, सगळ्यांचा एक फोटो निघाला आणि ते थकून घरी गेले.

रविवारी सकाळी कोश फुटला. फुलपाखराला बाहेर आल्याबरोबर उलटं लटकावं लागतं, ओले पंख खाली सोडून वाळवावे लागतात. त्याला तासभर वेळ आणि वीतभर मोकळी जागा लागते, यापलीकडे काही नाही. ते खडूंतून वाट काढत माझ्या काचेवर चढायचं आणि घसरायचं. वीस वर्षं मी ज्या गुळगुळीतपणावर मिरवले त्यावर त्याचा एकही पाय टिकेना. एक पंख कसाबसा उघडला. दुसरा चुरगळलेला होता तसाच वाळला.

सोमवारी दिपालीबाई आल्या, लखलखीत फळीकडे बघून क्षणभर खूश झाल्या, आणि मग त्यांना माझी जागा दिसली. तिथे आता "डस्टर" असं लिहिलं होतं. रुक्मिणीबाई खोलीमागे धावल्या, पण वर्षाली त्यांच्याही आधी पोहोचली होती. मुलं गोळा झाली. माझ्या काठावर ते फुलपाखरू बसलं होतं, एक पंख पुरा आणि एक वाकडा. सनी पुढे झाला, त्याने बोटाने पाय मोजले आणि हळूच म्हणाला, "सहाच आहेत." त्यानंतर तो "मेली" हा शब्द पुन्हा बोलला नाही.

दुपारी निरंजन लेकीला न्यायला आला. दुसऱ्या पाळीला जायचं होतं, त्यामुळे अंगात कंपनीचा शर्ट होता. दिपालीबाईंनी त्याच्यापुढे मला ठेवलं. त्यांना खूप बोलायचं होतं ते मला दिसत होतं, पण मुलं समोर होती. "हलत नव्हतं म्हणून टाकलंत ना?" एवढंच त्या म्हणाल्या. "ते हलत नसतंच."

त्याला फार वाईट वाटलं. तो लेकीसमोर उकिडवा बसला. "बाळा, तुझं होतं का ते? मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं, पप्पा." वर्षाली रडत नव्हती. "रोज सांगत होते. तुम्ही झोपलेले असायचे. हूं म्हणायचात."

तो उठला नाही. एरवी कधी लेकीला न्यायला आला तर दारातूनच घड्याळ बघायचा, त्या दिवशी तेही बघितलं नाही. रुक्मिणीबाईंनी साखरपाण्यात बुडवलेला कापूस आणला, तो त्याने हातात धरला, आणि फुलपाखराने आपली गुंडाळलेली सोंड उलगडून प्यायला सुरुवात केली. "पितंय," तो म्हणाला. त्या दिवशी तो पाळीला उशिरा पोहोचला असणार.

ते फुलपाखरू आठ दिवस जगलं. एकदाही उडालं नाही. मुलं त्याला आळीपाळीने शेवंतीच्या कुंडीवर ठेवायची, कापूस धरायची, मुंग्यांपासून राखायची. नवव्या दिवशी ते गेलं. बाईंनी दिलेला शब्द अर्धाच खरा झाला, आणि त्या अर्ध्याचा मला अजून राग येतो. नुसता निरंजनवर नाही. थांबायला तयार नसलेल्या सगळ्यांवर, झाकणावर, आणि माझ्या स्वतःवरही.

मित्रांनो, किडे जरूर पाळा, पण त्यांना त्यांचाच पाला द्या, हवा द्या, आणि बघून झालं की सोडून द्या. हे तुम्हाला जमेल. याहून अवघड एक काम आहे, आणि ते मी मोठ्यांना सांगत नाही, कारण ते दमलेले असतात. तुम्हाला सांगते. तुम्ही काही दाखवायला गेलात आणि समोरून नुसतं "हूं" आलं, तर परत फिरू नका. पुन्हा सांगा. तरी हूं आलं तर त्यांचं बोट धरा, त्यांना उठवा आणि बरणीसमोर आणून बसवा. ते चिडतील, चिडू द्या. कोशाला एवढंही करता येत नाही.