निळ्या रजईला फुटलेली लव

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून रजई काढली, टेबलावर उलगडली आणि हाताची घडी घालून त्या उभ्या राहिल्या. गर्द निळं कापड, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी लव. मांजर लोळून गेल्यासारखी.

"माझ्याकडे मांजर नाही," त्या म्हणाल्या. "कुत्रंही नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते."

थोरली रजईवर वाकली. रजया शिवणाऱ्या या घराची ती मोठी सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड बटण लावता येत नव्हतं, पण त्याला आता अकरा वर्षं झाली होती. रजईच्या पोटातलं भरण टाक्याटाक्यातून वर येतंय हे तिनं पाहताक्षणी ओळखलं. पण म्हणून काय गिऱ्हाइकासमोर लगेच मान खाली घालायची? छे! आधी समोरच्याची झाडाझडती.

"धुतली कशात?"

"थंड पाण्यात."

"आणि पिळलीत ना?"

"नाही पिळली. तुम्हीच दम दिला होतात. टॉवेलात गुंडाळून दाबली, पाणी काढलं."

"मग दोरीवर टांगली असेल."

"सावलीत, चादर अंथरून, सपाट वाळवली. साबण अर्धं झाकण. अजून काही?"

आता काय बोलणार, कप्पाळ! अकरा वर्षांत थोरलीनं या टेबलापाशी किती जणांना फैलावर घेतलं होतं. लोकरीच्या भरणाची रजई उकळत्या पाण्यात बुडवून तिचं पायपुसणं करून आणणारे महाभाग होते. पॉलिस्टरच्या भरणावर कडकडीत इस्त्री फिरवून पापड करणारे होते. कापसाची रजई प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभर कोंबून ठेवायची आणि वर कुबट वास येतो म्हणून भांडायला यायचं, असेही होते. आणि ही एक बाई, सगळं सांगितल्याबरहुकूम करून आली होती, आणि तिच्याच रजईला लव फुटली होती.

तेवढ्यात गल्ल्यामागून धाकटे दीर उठले. दुकानाचा पुढचा भाग ते बघत. सुई कोणत्या टोकानं टोचते हेही त्यांना विचारून घ्यावं लागलं असतं, पण जिभेवर साखर. ते टेबलावर ओणवले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही आमच्या आईच्या हातची आहे हो. वय झालंय तिचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नवीन करून देतो."

आवाज खाली आणून म्हणे! आई सहा पावलांवर बसल्या होत्या. खिडकीपाशी, उजेडात, लाकडी चौकटीवर ताणलेल्या रजईत टाका घालत. त्यांचे गुडघे कुरकुरत असतील, पण कान शाबूत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

डॉक्टरीणबाई "बघा बाई काय ते" म्हणून गेल्या. दार लागलं आणि थोरलीचा स्फोट झाला.

"भावजी, लाज वाटते का हो तुम्हाला? परक्या बाईसमोर स्वतःच्या आईचं वय काढता?"

"मग काय सांगू? खोटं बोलू?" दीर म्हणाले. "आणि वहिनी, विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. सोमवारी मशीनवाला माप घ्यायला येतोय. शिलाईचं मोठं मशीन घेतोय आपण. त्याला खिडकीशीच जागा लागेल."

"खिडकीशी चौकट आहे."

"चौकट काढायची. दादाशी बोललोय मी." दादा म्हणजे थोरलीचा नवरा. तो तयार रजया पोचवायला गावोगाव फिरत असे आणि फोनवर कशालाही हो म्हणत असे. "आईनं खूप केलं. आता आराम करावा तिनं."

आराम! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकट काढली की या बाईनं दिवसभर करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं? सकाळी चहाचा कप खाली ठेवला की आई चौकटीशी बसत आणि मावळतीचा उजेड गेला की उठत. चौकट त्या घराच्या मालकीची नव्हतीच, आईंच्या मालकीची होती.

आता या भरणाची एक गोम आहे, ती सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. कापसाचं भरण गिरणीतून मोठ्या गुंडाळीत येतं. कापूस एकमेकांत गुंतावा म्हणून तिथे त्याला हजारो सुया टोचलेल्या असतात. सुया ज्या बाजूनं शिरतात तिकडे बारीक खळगे पडतात, आणि ज्या बाजूनं बाहेर पडतात तिकडे बारीक कण उठतात. खळग्यांची बाजू वर ठेवायची, म्हणजे आपली सुईही गिरणीच्या सुईच्याच वाटेनं जाते. उलटं पडलं, की प्रत्येक टाक्याबरोबर कापसाचा तंतू वर ओढला जातो आणि महिन्याभरात कापडाला लव फुटते. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. आई हात धुवून, कोरडे करून, डोळे मिटून बोटांची मागची बाजू भरणावरून फिरवत आणि मग सांगत, ही वर. एकही तुकडा त्यांनी असा हात फिरवल्याशिवाय पसरला नव्हता. थोरली मनातल्या मनात त्याला पूजा म्हणायची आणि कंटाळायची.

"पडलं असेल एकदा भरण उलटं!" ती आता ओरडली. "सत्तरीच्या बाईच्या हातून एक चूक झाली तर काय आभाळ कोसळलं? तुमच्या हातून कधी काही सांडत नाही? ही चौकट इथून हलणार नाही, सांगून ठेवते. आईंना दिसेनासं झालं तरी हलणार नाही! वाटलं तर मी त्यांच्या मागून प्रत्येक तुकडा तपासत जाईन. त्यांना कळूसुद्धा देणार नाही!"

"आई ऐकतेय, वहिनी."

"ऐकू दे! त्यांच्याच बाजूनं बोलतेय मी!"

खिडकीपाशी सुई पिनकुशनमध्ये टोचल्याचा बारीकसा आवाज आला. "झालं दोघांचं?" आई म्हणाल्या. "मग ती रजई इकडे आण. आणि उसवायचं पातं."

थोरलीचा आवाज एकदम मऊ झाला. "राहू द्या ना आई. कशाला आता? झालं गेलं."

"खालचा उजवा कोपरा. उसव."

तिथे या घराची एक जुनी पद्धत होती. भरण जी पसरेल तिनं त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या रंगाचे तीन टाके घालायचे, मगच वरचं कापड पसरायचं. पूर्वी इथे सहाजणी कामाला होत्या. कुणाच्या रजईत गोळे झाले, कुणाचं भरण सरकलं, की कोपरा उसवायचा आणि धनीण शोधायची. आता सासू-सून दोघीच उरल्या होत्या, तरी टाके चालूच होते. आईंचा हिरवा, थोरलीचा नारिंगी. तीन टाके घालायला थोरलीचा हात आपोआप जाई. ते बघायची वेळ मात्र कित्येक वर्षांत आली नव्हती.

तिनं कोपरा उसवला. निळं कापड मागे सारलं.

नारिंगी.

थोरली बघतच राहिली. मग तिला सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. आई चार दिवस त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. दिरांनी नव्या गिरणीचा माल मागवला होता. गुंडाळी नेहमी खळगे बाहेर ठेवून गुंडाळलेली येते, म्हणून थोरलीनं कधीचीच एक युक्ती काढली होती. हात फिरवायचा नाही, बोटं लावायची नाहीत, गुंडाळीची बाहेरची बाजू सरळ वर घ्यायची की झालं काम. नव्या गिरणीनं गुंडाळलं असेल उलटं. तिनं तिन्ही थर जोडून कच्चे टाके घातले, आणि आईंनी परत आल्यावर वरून शिलाई केली. शिलाई आईंची म्हणून रजई आईंची. सगळे तेच धरून चालले. तीसुद्धा.

"अहो वहिनी, तुमची होय!" दीर मोकळेपणानं हसले. "मग एवढं काय मनाला लावून घेता? नवी गुंडाळी होती, कुणीही फसलं असतं. पुढच्या वेळी बघून घ्या म्हणजे झालं."

आई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात दिरांचं हसू विरून गेलं.

"तिच्या हातून झालं की चूक," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून झालं की वय. असं का रे?"

"आई, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"तिला पुढची वेळ आहे. मला सोमवार."

मग आई सुनेकडे वळल्या. थोरलीला वाटलं, आता या रागावतील उलट्या भरणावरून. तिनं मान खाली घातली. रागावल्या असत्या तर तिनं ते निमूट ऐकून घेतलं असतं.

"घसा फुटेस्तोवर भांडलीस माझ्यासाठी," आई म्हणाल्या. "मी इथे बसले होते. अगं, एकदा तरी विचारायचंस, आई, हे भरण तुम्ही पसरलं होतं का? मी नाही म्हटलं असतं. मला चांगलं आठवतं मी काय पसरलं ते. पण विचारलं कुणी? त्यानं निदान मला तोंडावर काढलं. तू तर माझ्या पाठीमागून तपासणार होतीस. मला कळूही न देता."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं इतका वेळ जो राग दिरांवर काढला होता, तो आता फिरून तिच्याच अंगावर आला, आणि वाजवी होता. तिनं फोन उचलला.

"डॉक्टरीणबाई, रजईवाल्यांकडून बोलतेय. तुमच्या रजईतलं भरण मी पसरलं होतं. आईंनी नाही. चुकी माझी. आणि वयबिय काही नाही, निव्वळ आळशीपणा." तिनं फोन बंद केला आणि तोच दिरांपुढे धरला. "आता तुम्ही. मशीनवाल्याला सांगा."

"अहो पण मशीन तर हवंच ना..."

"मग येऊ दे. तुमच्या गल्ल्याच्या जागी बसवा. तिथेही उजेड असतो."

दीर फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर गेले. आत आईंनी त्याच नव्या गुंडाळीतून हातभर तुकडा कापला आणि थोरलीसमोर धरला. थोरलीनं मुकाट्यानं हात धुतले, कोरडे केले, डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू फिरवली. एका बाजूला काही लागलं नाही. दुसऱ्या बाजूला बारीक कण लागले, पुरळासारखे. अकरा वर्षांत इतक्या सावकाश तिनं कधी हात फिरवला नव्हता.

कणांची बाजू खाली करून "ही वर," ती म्हणाली, आणि डोळे उघडून तिनं विचारलं, "बरोबर ना, आई?"

आईंनी तुकडा तिच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या उजेडात, तिच्यासमोर धरून त्यावरून स्वतःची बोटं फिरवली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बघ, तुझ्यादेखत तपासलं."